चार अंगुळे उंच

धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. तो रथ खाली केव्हा व कशाने टेकला, हेही वाचकांस ठाऊक आहे. यंदाच्या पावसाळ्यात आम्हांस या कथेची वारंवार आठवण झाली. कारण आमच्या थाटीपुरच्या घरासमोर उभी असणारी पुतण्याची जिप्सी गाडी एके दिवशी सायंकाळी नेमकी तितकीच वर चढून आली. आम्ही फूटपट्टी लावून पाहिली. पूर्वीपेक्षा ३ इंच. अंगुळ म्हणजे पाऊण इंच धरले, तर हिशेब बरोबर चार अंगुळांचा होतो.

या सदरात आम्ही आजवर शुद्धलेखनापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत पुष्कळ विषय आणले; मोटारगाडी आणण्याचा प्रसंग प्रथमच येत आहे. यंत्रशास्त्राचा आणि आमचा संबंध शाळेच्या घंटेपलीकडे नाही. तथापि पुढील अडीच महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांची थोडी शेती अजून खेड्यात आहे, आणि तरुण मुले जुन्या जीपगाड्या घेऊन त्यांवर नाना प्रयोग करीत आहेत. त्यांच्या काकांच्या व मातापित्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे वडील बंधू वारल्यापासून वहिनी व पुतण्या आमच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरास कायमचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ शहर झाले. त्या लष्कराच्या आश्रयाने जी मराठी घराणी इकडे आली, त्यांतलेच आमचेही एक. वाडवडिलांची थोडी जमीन मुरैना जिल्ह्यात जौऱ्याच्या पलीकडे आहे. पूर्वी वहिनी ग्वाल्हेरहून निघणाऱ्या दोन फुटी रुळांच्या छोट्या रेलगाडीने तिकडे जात. ती गाडी २०२० साली बंद पडली. रुंद रुळांचे काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. परंतु रेलगाडीने गेले तरी शेवटचे काही मैल उरतातच, आणि ते बीहडाच्या कडेकडेने जातात. तेथील माती पावसाच्या पाण्याने अशी कापली जाते की गेल्या वर्षीचा रस्ता यंदा ओहोळ झालेला असतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंस खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये मातीचा वरंबा राहतो, आणि त्या वरंब्यावर गाडीचे पोट घासते.

पुतण्याची तक्रार हीच होती. गाडी जुनी, दुसऱ्या की तिसऱ्या हाताची. ही गाडी आपल्या देशात १९८५ साली आली. तिची बांधणी जुन्या जीपच्याच परंपरेतली आहे: पुढे व मागे अखंड आस, आणि चारही चाकांवर पोलादी पाटे, ज्यांना इकडे कमानी म्हणतात. अशा गाडीला उंच करणे सोपे, असे त्याने मोबाईलवर पाहिले होते. शहरातील एका कारखान्यात त्याने ती नेली. तेथे जाड व अधिक बाकाचे पाटे घातले गेले, आणि पाट्याचे एक टोक ज्या लोंबत्या कडीवर झुलते, ती शॅकल नावाची कडीही लांब करून बसविली गेली. दुसऱ्या दिवशी गाडी परत. ब्रेकच्या नळ्या, शॉकर वगैरे सर्व काही उंचीप्रमाणे बदलले आहे, असे तोंडी सांगण्यात आले.

वहिनींना त्या गाडीत चढता येईना. मग देवघरातला एक जुना पाट पायरी म्हणून खाली ठेवावयाचा, त्यांनी वर चढावयाचे, आणि पुतण्याने पाट उचलून मागे टाकावयाचा, अशी रीत पडली. पहिल्या फेरीच्या दिवशी त्या पाटावर उभ्या राहून त्यांनी आम्हांस विचारले, “भाऊजी, गाडी नीट आहे ना? तुम्ही पाहिलीत ना?”

आम्ही म्हणालो, “पाहिली.”

पाहिली होती, हे खरेच होते. फूटपट्टी लावून पाहिली होती.

त्या फेरीहून मंडळी परतली ती तक्रारींची यादी घेऊनच. वहिनींची कंबर धरली होती; प्रत्येक खड्ड्यात गाडी आपटत होती. ताशी पन्नासच्या पुढे गेले की खालून घरघर सुरू होई आणि आसनापर्यंत कंप येई. सरळ रस्त्यावरही गाडी सरळ राहत नसे. सुकाणूचे चक्र एकसारखे इकडे तिकडे हलवीत राहावे लागे, आणि वळण संपल्यावर चक्र आपोआप मागे येत नसे. शिवाय ते सरळ धरले असता त्याची दांडी तिरपी दिसे. उभ्या गाडीला गती देताना ‘ठक्’ असा आवाज होई. आणि रात्री समोरून येणारा प्रत्येक वाहनचालक दिवे लावून-विझवून रागावत असे. कारण आमचे दिवे आता त्याच्या डोळ्यांत जात होते.

कारखान्यात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “नई कमानी है, बैठ जाएगी.” पुढील पंधरा दिवसांत पुतण्याने टायरांचा तोल साधून आणला, पुढची दोन टायरे मागे केली, सुकाणूला एक नवा शॉकर लावला, आणि शाफ्टचा एक क्रॉसही बदलला. हे सर्व एकाच आठवड्यात. थोडे बरे वाटले, मग पुन्हा तसेच. कशाने बरे वाटले आणि कशाने पुन्हा बिघडले, हे त्यालाही सांगता येईना. चाकांची अलाइनमेंटही करून झाली. त्या दुकानदाराने एक रंगीत कागद दिला. त्यावर काही आकडे हिरवे होते व दोन आकडे लाल. हिरवे आकडे आमच्या खर्चाचे. लाल आकड्यांबद्दल “इस गाड़ी में ये सेट नहीं होता” एवढेच सांगून त्याने पैसे घेतले. तो कागद पुतण्याने हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात ठेवून दिला. त्यातच निम्मे उत्तर लिहिलेले होते, हे नंतर कळले.

आम्ही त्या रात्री त्याला एवढेच सांगितले की, “तू चार गोष्टी एकदम बदलतोस, तेव्हा उत्तरपत्रिका चुरगाळून टाकतोस. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहावयाचा.” मास्तरकी घरातही सुटत नाही. परंतु आम्हांस आणखी एक गोष्ट खटकत होती, आणि ती व्याकरणाची होती. वाक्यातला ‘मुलगा’ काढून ‘मुलगी’ घातली, तर तेवढ्यावर भागत नाही. ‘चांगला’चे ‘चांगली’ होते, ‘गेला’चे ‘गेली’ होते. कर्त्याशी बांधलेले प्रत्येक पद बदलावे लागते. एखादे राहून गेले की वाक्य कानाला ठेचकाळते. मग गाडीचा कर्ताच तीन इंच वर चढविला, तर त्याच्याशी बांधलेली किती पदे जुन्याच रूपात राहिली असतील? हे विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न होता.

मुरारमध्ये आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील राहतात. सैन्यात वाहनदुरुस्तीचे काम करून निवृत्त झालेले, बोलण्यात मितभाषी. दुकान नाही, मन आले तर पाहतात. ते एका रविवारी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि गाडी चालवून पाहण्याऐवजी आम्हांलाच विचारले, “मास्साब, स्कूल में कोण नापने वाला बड़ा चाँदा होगा?” फळ्यावर भूमिती शिकविताना वापरतात तो लाकडी कोनमापक, एक दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला लहान ओळंबा, एवढीच त्यांची साधने. कोनमापक आम्ही शाळेतून रीतसर नोंद करून आणला.

प्रथम त्यांनी पाना घेऊन पाटे आसाशी जखडून ठेवणाऱ्या यू-बोल्टांची नटे पाहिली. आठांपैकी सहा नटांनी अर्धा ते एक फेरा घेतला. नवे पाटे घातल्यावर शेपाचशे किलोमीटर धावल्यानंतर हे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. कारण पाट्यांचे थर एकमेकांवर दबून बसतात आणि पकड सैल होते. आमचे बोल्ट तर जुनेच पुन्हा वापरलेले होते. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट दुसऱ्यांदा विश्वासाचे नसतात. आस पाट्यावर किंचित सरकत होता, आणि निघताना होणारा ‘ठक्’ आवाज त्याचाच. पाटे ‘बसतील’ हे कारखान्याचे म्हणणे खरे होते. ते बसल्यावर बोल्ट आवळावे लागतात, हे सांगावयाचे राहिले होते.

मग त्यांनी जॅक आसाखाली न लावता गाडीच्या सांगाड्याखाली लावला. पुढचे डावे चाक अधांतरी लोंबू लागले. बीहडात एखादे चाक खड्ड्यावरून जाताना असेच लोंबते, असे ते म्हणाले. त्यांनी पुतण्याला आत बोलावून एका काळ्या रबरी नळीवर बोट ठेवावयास सांगितले. ती ब्रेकची नळी होती. सतारीच्या तारेसारखी ताणलेली. सुकाणू एका अंगाला पूर्ण फिरविल्यावर तिच्या टोकाजवळचे रबर पांढुरके पडले. आम्हीही धोतर आवरून खाली वाकलो आणि पाहिले. नळी जुनी होती. तिच्यावरचा चिखलही जुनाच होता. बदललेली नव्हती.

वाचकांपैकी ज्यांनी हे यंत्र आतून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायाने दाबलेला ब्रेक चाकापर्यंत जातो तो नळीतल्या तेलाच्या दाबाने. सांगाडा व आस यांमध्ये ही नळी रबरी असते, कारण आस वरखाली होतो. गाडी उंच केली की आस लोंबण्याला अधिक वाव मिळतो, पण नळी तेवढीच राहते. एखाद्या नाल्यात चाक खाली गेले आणि नळी तुटली, तर तेल वाहून जाते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ होतो. अशा गाडीतून वहिनी तोपर्यंत तीन वेळा गावी जाऊन आल्या होत्या. तीनही वेळा आम्ही दारात उभे राहून हात हालविला होता.

त्या दिवशी गाडीची चावी आम्ही आमच्याकडे घेतली. रात्री जेवण झाल्यावर वर जाऊन वहिनींना सांगितले की, तुम्ही विचारले तेव्हा आम्ही ‘पाहिली’ म्हणालो. पण खाली वाकून पाहिलेली नव्हती. पाहावयास हवे काय, हेही आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नाही एवढे तरी सांगावयास हवे होते. वहिनी जपमाळ ओढीत होत्या. एक मणी पुढे सरकवून म्हणाल्या, “तुम्ही इतक्या चटकन ‘पाहिली’ म्हणालात, तेव्हाच मी मनात म्हटले की भाऊजींनी पाहिलेली नाही.” मग तुम्ही बसलात का, असे विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. मुलाने हौसेने आणलेल्या गाडीत आई बसणार नाही तर कोण बसणार?

पुढील रविवारी कोनमापकाचे काम झाले, आणि तो भाग आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटला. गाडीच्या पोटाखाली मागच्या चाकांकडे जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. शाफ्ट तिरपा असेल तर क्रॉस त्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढवितो व दोनदा कमी करतो. डोळ्याला ते दिसत नाही. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात उलट वाकलेला असला, तर तो ही चढउतार पुसून टाकतो आणि चाकापर्यंत एकसारखी गती पोहोचते. म्हणजे शाफ्ट तिरपा असणे हा दोष नव्हे. दोन्ही टोकांचे कोन सारखे नसणे हा दोष. त्यासाठी मागच्या आसाच्या गोळ्याचे तोंड आणि पुढचा निघता दांडा एकमेकांस समांतर असावे लागतात. ओळंबा सोडून कोन मोजला तर दोहोंत पाच अंशांच्या आसपास फरक निघाला. मागची कडी लांब केल्याने पाट्याचे मागचे टोक खाली गेले, आस मागे कलला, आणि गोळ्याचे तोंड वर झाले. घरघर येत होती ती तेथून. बिचारा नवा क्रॉस निष्कारण बदलला गेला होता.

पुढच्या आसाचीही तीच कथा, फक्त लक्षण निराळे. सायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो, हे आपण रोज पाहतो. त्या झुकावामुळेच हात सोडले तरी सायकल काही वेळ सरळ जाते. मोटारीच्या पुढच्या चाकाची खुंटीही अशीच काही थोडे अंश मागे झुकलेली असते, आणि वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होते ते तिच्यामुळे. आमच्या गाडीत पुढची कडी पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ती लांब केल्याने आस पुढे कलला आणि तो झुकाव जवळजवळ सगळाच खाल्ला गेला. रंगीत कागदावरचे लाल आकडे ते हेच. ‘या गाडीत हे बसविता येत नाही’ हे दुकानदाराचे वाक्य त्याच्या यंत्रापुरते बरोबर होते. बिघडविता मात्र आले होते.

यावर उपाय म्हणून आस व पाटा यांच्यामध्ये उतरती पोलादी पाचर घालतात. पुतण्याने ती मोबाईलवर शोधूनही ठेवली होती. परंतु निवृत्त गृहस्थांनी मान हालविली. पुढे पाचर घालून झुकाव परत आणला तर पुढच्या गोळ्याचे तोंड खाली जाते आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. पाचर उलटी बसली तर दोष दुप्पट. त्यांनी सांगितले की प्रथम लांब कड्या काढून मूळच्या घाला. एवढा एकच बदल करा आणि चालवून पाहा. आमच्या वहीतला नियम त्यांना न सांगता ठाऊक होता, याचा आम्हांस आनंद झाला.

कड्यांचा आणखी एक हिशेब त्यांनी मातीत रेघ ओढून दाखविला. कडी पाट्याच्या एकाच टोकाला असते आणि आस मध्यावर. तेव्हा ३ इंचांनी लांब कडी घातली तरी गाडी दीड इंचच वर जाते. बाकीचे दीड इंच आस कलण्यात खर्ची पडतात म्हणाना! पैसे मात्र तीन इंचांचे.

मूळच्या कड्या बसविल्या. त्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. चाके लोंबत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि गाडी कडक लागते. वहिनींच्या कंबरेतली काही ठेच या बुशांचीही असावी. सुकाणूच्या आडव्या दांड्याची लांबी किंचित बदलून चक्र सरळ केले. उंची वाढल्यावर तो दांडा तिरपा होतो, म्हणून चक्र तिरपे दिसते, आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेले की तोच दांडा गाडीला आपल्या मनाने एका अंगाला ओढतो. मग पुतण्या मुरारपर्यंत जाऊन आला. पन्नासला घरघर नाही. साठला नाही. वळणानंतर चक्र मागे आले. दोन महिन्यांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसले.

तरीही गाडी आपटत होतीच. आता राहिले जाड पाटे आणि शॉकर. शॉकर जुन्याच लांबीचे होते. गाडी उंच झाल्याने ते उभ्या गाडीतच बरेच ताणलेले राहत, आणि चाक खाली जाऊ लागले की मध्येच संपत. कारखान्याने ‘सर्व काही बदलले’ म्हटले होते, त्या सर्वात नळ्याही नव्हत्या आणि शॉकरही नव्हते. येथे त्या गृहस्थांनी तो प्रश्न विचारला, जो खरे तर पहिल्या दिवशी कोणीतरी विचारावयास हवा होता. “पुरानी कमानी कहाँ है?”

जुने पाटे पुतण्याने गच्चीवर टाकले होते. ते खाली आणले. मूळ मापाचा एक नवा पाटा बाजारातून तात्पुरता मागून आणला, आणि ओसरीवर दोन्ही शेजारी ठेवून आम्ही खडूने त्यांच्या कडा आखल्या. जुन्या पाट्याचा बाक इंचभराने कमी भरला. चालकाच्या बाजूचा तर त्याहून अधिक. वर्षानुवर्षे वजन वाहून पोलादही थकते. म्हणजे गाडी मुळात खुजी नव्हती. ती वाकली होती. तिला उंच करण्याची नव्हे, तिची स्वतःची उंची तिला परत देण्याची गरज होती, आणि ती मोजावयास फूटपट्टी व दहा मिनिटे पुरली असती. चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत डावीकडे किती व उजवीकडे किती, एवढेच पाहावयाचे. आम्ही फूटपट्टी लावली होती खरी, परंतु काम होऊन गेल्यावर, आणि धर्मराजाचा रथ आठवण्यासाठी.

पुतण्याचा तरीही आग्रह होता की जाड पाटे राहू द्यावेत. त्याचे म्हणणे, वरंबा अजून लागेलच. तेव्हा त्या गृहस्थांनी त्याला गाडीखाली नेऊन मागच्या आसाचा गोळा दाखविला. वरंब्याला प्रथम लागतो तो हा गोळा; आणि पाटे कितीही उंच करा, गोळा चाकाच्या मध्यावरच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरांनी. उंच झाले होते ते छप्पर, आसने, आणि गाडीचा गुरुत्वमध्य. दोन चाकांमधील रुंदी तेवढीच होती. बीहडाच्या उतरत्या कडेवर आडवे जाताना हे तीन इंच कोणत्या बाजूचे, हे त्यांनी हाताचा पंजा तिरपा करून दाखविले. पुतण्या काही बोलला नाही.

एक गोष्ट आम्ही त्याच रात्री वाचून काढली, आणि ती आधी वाचली असती तर बरे झाले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या दारात ही गाडी दोन महिने उभी होती, आणि येणाजाणारा प्रत्येक पालक तिचे कौतुक करून जात होता.

शेवटी मूळ मापाचे नवे पाटे, नवे यू-बोल्ट, मूळ मापाचे चार शॉकर, आणि चारही ठिकाणच्या ब्रेकनळ्या नव्या, एवढे झाले. जाड पाटे व लांब कड्या भंगारात गेल्या. त्यांचे जे आले त्यात यू-बोल्टही निघाले नाहीत. दिव्यांचे काम आम्ही शाळेत केले. सुट्टीच्या दिवशी सायंकाळी गाडी मैदानात मागच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी केली, दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली, आणि प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या किंचित खाली येईपर्यंत पेच फिरविले. चौकीदाराने ती रेघ अजून पुसलेली नाही. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. वहीत तारीख आहे.

आता गाडी जुन्या थकलेल्या उंचीपेक्षा सुमारे एका इंचाने वर आहे. रस्त्याच्या त्या वरंब्याचे काय, म्हणून विचाराल, तर पुतण्याने व गावातल्या दोघांनी मिळून सर्वांत वाईट अशा तुकड्यात चाकोऱ्यांमध्ये दगड भरले. बाकी ठिकाणी एक चाक वरंब्यावरून व दुसरे चाकोरीच्या बाहेरून नेतात. गोळा बाजूने निघून जातो. बैलगाडीवाले हे पूर्वीपासून करीत आले आहेत.

दसऱ्याच्या आधी वहिनी गावी निघाल्या. आम्ही सकाळीच चटई टाकून गाडीखाली निजलो होतो. नळ्यांना हात लावून, नटांवरच्या खडूच्या खुणा जागच्या जागी आहेत हे पाहून उठलो होतो. सदऱ्याला तेल लागले, त्याबद्दल घरात स्वतंत्र बोलणे झाले.

वहिनी बाहेर आल्या. गाडीच्या पायरीकडे पाहिले, आमच्या पाठीवरच्या मातीकडे पाहिले.

“पाहिलीत वाटते,” त्या म्हणाल्या.

“निजून पाहिली.”

“बरे झाले,” म्हणून त्या कोणाचा हात न धरता चढून बसल्या. मग खिडकीतून डोके बाहेर काढून पुतण्याला म्हणाल्या, “तो पाट ठेव मागे. तिकडे चुलीपुढे बसायला लागतो.”

पाट अजून तिकडेच आहे. देवघरात आम्ही सध्या घडीच्या आसनावर बसतो.